रेकॉर्डिंगच्या आधीचे दोन सेकंद

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कोणाला पटवायला बसलेलो नाही. पण ज्याच्या घरात हे घडलं तो पंकज माझा सख्खा मामेभाऊ आहे, आणि शेवटचा प्रकार मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

आणि हो, अमावास्या, मध्यरात्र, सुनसान रस्ता असलं काही यात नाही. हे घडलं नागपुरात, मे महिन्यात, भर दुपारी. बाहेर माणसाचं डोकं उकडत होतं आणि घरोघरी कूलर घरघरत होते.

एक सूचना आधीच देतो. जेवता जेवता वाचू नका.

पंकज आवाजाचं काम करतो. लग्नाच्या व्हिडिओंचा आवाज, शॉर्टफिल्मवाल्यांचा आवाज, आणि उरलेल्या वेळात स्वतःचं संगीत. कुठे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज पकडायचा, कुठे कुहीकडच्या धानाच्या बांधीतले बेडूक, आणि घरी येऊन त्यांचे तुकडे कापून, जोडून ठेका बनवायचा. याला सॅम्पलिंग म्हणतात म्हणे. आमच्या नात्यात बरीच वर्षं याला ‘रिकामे धंदे’ म्हणत होते.

घर तांडापेठेत. त्याचे वडील म्हणजे माझे मामा, पण अख्खी गल्ली त्यांना नानाजी म्हणते, म्हणून मीही नानाजीच म्हणतो. अर्धं आयुष्य हातमागावर गेलं. माग विकले गेले, तेव्हा शहराबाहेरच्या वाडीला एका गोदामावर चौकीदारी धरली. रात्रभर जागायला एक सोबत धरली.

खर्रा.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटायचा. तो काळपट, ओला लगदा गालात धरायचा आणि तासन्‌तास चघळत बसायचं. जिन्यांचे कोपरे, बसच्या खिडक्या, दवाखान्याच्या भिंती... सगळीकडे त्याचेच फराटे. मला त्याची मनापासून किळस आहे. पंकजला माझ्याहून जास्त. लहानपणी बापाने पापा घेतला की हा शर्टाच्या बाहीने गाल पुसायचा.

मग नानाजींच्या गालात आतून फोड आला. फोडाची जखम झाली. जखमेला वास सुटला. डॉक्टरांनी सांगितलं, जबड्याचा भाग काढावा लागेल आणि जीभही. ऑपरेशन सोमवारी ठरलं.

म्हणजे नानाजींना आवाज होता तो फक्त रविवारपर्यंत.

पंकजची मुलगी पिंकी तेव्हा चार वर्षांची. आबाजींच्या, म्हणजे नानाजींच्या, कुशीत शिरून कावळ्याची गोष्ट ऐकल्याशिवाय ती दुपारची झोपत नसे. तीच गोष्ट, रोज. पंकजला एवढंच हवं होतं, की आबाजींची जीभ गेली तरी त्यांची गोष्ट पोरीजवळ राहावी. त्याचा कामाचा रेकॉर्डर नेमका बिघडला होता, म्हणून मोबाइलवर त्याने एकदा रेकॉर्ड करून पाहिलं. पण नानाजींचा आवाज बसलेला, शब्द लडबडलेले. मोबाइलमध्ये नुसता चिखल आला.

म्हणून शनिवारी तो सीताबर्डीला गेला. चांगला रेकॉर्डर घ्यायला.

व्हेरायटी चौकाजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर अंकुशचं दुकान आहे. नवे-जुने कॅमेरे, माइक, रेकॉर्डर. अंकुशने काचेवर एक छोटा रेकॉर्डर ठेवला.

“हा पाह्य भाऊ. खिशात मावते. गावात जाय, रानात जाय, फील्डसाठी एक नंबर.”

पंकजची एक सवय आहे. रेकॉर्डर घेताना तो आवाज ऐकत नाही, शांतता ऐकतो. पंखा बंद करायला लावतो, सगळ्यांना गप्प करतो, गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची कळ, पूर्ण वर नेतो आणि हेडफोन लावून बसतो. यंत्र हलकं असलं की त्या शांततेत पापड तळल्यासारखी फसफस येते.

छोट्यात ती आली.

दुसरा स्टुडिओचा होता. जाड पिनांचे माइक लागायचे, लॅपटॉपलाही जोडता यायचा. फसफस नाही. पण वजनाला अर्धी वीट.

“पण बॅटरी पाह्य ना गा याची,” अंकुश म्हणाला. “सुरू करून तू झोपून गेला, तरी हा चालूच राहते.”

“मले झोपून काय रेकॉर्ड करायचं आहे बे?” पंकज हसला.

तो हसला, हे त्याने मला नंतर दोनदा सांगितलं.

मग त्याची नजर मागच्या फळीवर गेली. तिथे एक वापरलेला रेकॉर्डर होता. त्याला स्वतःचे माइक होते, जाड पिनाही लागत, लॅपटॉपलाही जोडला जाई, आणि पकडलेला आवाज त्याच्यातच कापून पुन्हा पुन्हा वाजवता येई. फील्ड, स्टुडिओ, सॅम्पलिंग, तिन्ही एकाच डब्यात. शिवाय त्यात प्री-रेकॉर्ड होतं. म्हणजे तुम्ही बटण दाबायच्या आधीचे दोन सेकंदही ते यंत्र धरून ठेवतं. हात उशिरा पोहोचला तरी पहिला शब्द वाया जात नाही.

“ह्याचे सेल लवकर मरते,” अंकुश म्हणाला. “अन् चार्जर लावला का रेकॉर्डिंग थांबते. पण ह्याचा आधीचा मालक लई शिस्तीचा होता. रेकॉर्डिंग सुरू झाली का मूर्तीसारखा. इकडचा तिकडे होणार नाही.”

पंकजने हेडफोन चढवला. गेन वर नेला.

खाली बर्डीचा शनिवार पेटलेला होता. ऑटोचे हॉर्न, कपड्यांच्या ठेल्यांवरची ओरड. समोर अंकुश काचेवर बोटं वाजवत बसला होता.

आणि हेडफोनमध्ये...

काही नाही.

फसफस नाही. हॉर्न नाही. अंकुशची बोटं दिसत होती, पण त्यांचाही आवाज नाही.

मग एकदम सगळं आलं. हॉर्न, ओरड, बोटांची टकटक. कोणीतरी कानांवर धरलेले हात काढावेत, तसं.

दुसरा कोणी असता तर यंत्र तिथेच ठेवून जिना उतरला असता. आमचे साहेब खूश झाले. एवढी स्वच्छ शांतता त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. घेतलाच.

घरी आल्यावर त्याच्या बायकोने, हर्षाने, आधी नाक मुरडलं.

“अहो, हे काय आणलं? खर्र्याचा वास येऊन राहिला.”

खरंच येत होता. माइकवर वाऱ्यासाठी फोमची टोपी असते, तिची एक बाजू तपकिरी, कडक झाली होती. पंकजने ती चिमटीत धरून मोरीत नेली आणि साबणाच्या पाण्यात बुडवली.

पाणी तपकिरी झालं.

बदललं. परत तपकिरी.

पुन्हा बदललं... परत.

मुठीत मावेल एवढा तो फोम. पण पिळला की बोटांच्या फटींतून तोच रंग, चिकट, लाळेसारखा तार धरणारा. आणि मग फोमच्या आतून सुपारीचा एक तुकडा बाहेर आला. चावलेला. त्यावर दातांची खूण होती.

तुकडा कोमट होता.

पंकजने टोपी कचऱ्यात फेकली आणि हात कोपरापर्यंत धुतले. हर्षाने ती बादली नंतर वापरलीच नाही.

दुपारी त्याने रेकॉर्डर वापरून पाहिला. खिडकीतली कबुतरं, कुकरची शिटी, पिंकीचं खिदळणं. ऐकलं तर आवाज असे लख्ख, की पिंकी कानाशी बसून हसत आहे असं वाटावं.

फक्त सुरुवातीला... प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला...

चप्. चप्. चप्.

कोणीतरी चघळत होतं. ओलं, तोंड उघडं ठेवून, अगदी माइकला ओठ लावून. जीभ टाळूला चिकटून सुटल्याचा आवाजसुद्धा येत होता. दोन सेकंद. आणि जिथे पंकजने बटण दाबलं, तिथे ते थांबायचं. एकदम. आवंढासुद्धा नाही.

कबुतरांच्या आधी तेच. कुकरच्या आधी तेच. पिंकीच्या हसण्याच्या आधीही तेच.

घरात खर्रा खाणारे एकटे नानाजी. आणि फोड आल्यापासून त्यांना पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. ते काय चघळणार?

पंकजने स्वतःची समजूत काढली. जुनं यंत्र आहे, जुन्या मालकाचं काहीतरी आत अडकून राहिलं असेल. त्याने प्री-रेकॉर्ड बंद करून टाकलं. ते दोन सेकंदच नकोत. रेकॉर्डिंग तर स्वच्छ येतं ना? परत जाऊन दुसरा आणायला वेळ कुठे होता? उद्या रविवार, परवा ऑपरेशन.

रविवारी दुपारी नानाजी खाटेवर बसले. पंकजने कूलर बंद केला. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करायला लावणारा माणूस वेडा तरी असतो नाहीतर आवाजवाला. शेजारच्या प्रेमिलाकाकूंनाही त्याने हात जोडून त्यांचा कूलर बंद करायला लावला. खिडक्या लावल्या. खोलीची भट्टी झाली. आणि त्या कोंडलेल्या खोलीत नानाजींच्या जखमेचा वास फुगत गेला.

गोड, कुजका. साचलेल्या मोरीचा आणि चुन्याचा मिळून येतो तसा.

आवाज बारीक, म्हणून रेकॉर्डर तोंडाजवळ धरावा लागत होता. पंकजने श्वास रोखला. नानाजींनी ते पाहिलं.

“वास येते ना गा?”

“नाही बाबा.”

“खोटं काहून बोलतो? मलेच येऊन राहिला. धर तू. लवकर आटपतो.”

लाल दिवा लागला. नानाजींनी गोष्ट सुरू केली. विणकराकडे एक कावळा येतो, म्हणतो माझ्या कावळीला लुगडं विणून दे. विणकर म्हणतो सूत आण. कावळा सूत आणायला जातो तर कापूस म्हणतो, आधी मले पाणी आण... अशी लांबत जाणारी गोष्ट. नानाजी मध्ये थांबत होते, दुपट्ट्याने लाळ पुसत होते, पुन्हा सांगत होते. पंकजच्या गळ्यावरून घामाच्या धारा वाहत होत्या. हेडफोनमध्ये बापाचा आवाज होता आणि बाकी काहीच नव्हतं. खोलीचा नाही, खाटेचा नाही, स्वतः पंकजच्या श्वासाचाही नाही.

“...अन् कावळी लुगडं नेसून झाडावर बसली,” नानाजी म्हणाले. “संपली गोष्ट, पिंके. आता झोप.”

पंकजचे डोळे भरून आले. त्याने बटण दाबलं.

लाल दिवा विझला.

आणि हेडफोनमध्ये कोणीतरी...

पच्च.

थुंकलं.

पंकजने हेडफोन ओरबाडून काढला. उजवा कान ओला होता. त्याने बोट लावून पाहिलं.

कोमट. तपकिरी. त्यात चुन्याचे पांढरे कण.

नानाजी त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या कानांवर हेडफोन नव्हता, काही नव्हतं. तरी ते म्हणाले,

“कोण थुकलं बे?”

“कोणी नाही बाबा.”

“कोणी तरी होता. इथंच बसून होता. इतका वेळ तोंड भरून दाबून बसला होता.”

नानाजींच्या तोंडून नीट ऐकू आलेलं ते जवळजवळ शेवटचं वाक्य.

पंकज तिथून उठला आणि मोरीत जाऊन ओकला.

ऑपरेशन झालं. नानाजी घरी आले ते अर्ध्या चेहऱ्याने. नाकात नळी, गालावर मांडीची कातडी लावलेली, आणि हनुवटीवरून सतत गळणारी लाळ. खोटं कशाला बोलू, भेटायला गेलो तेव्हा मलाही त्यांच्याकडे बघवलं नाही. पिंकी तर दाराआडून बाहेरच येईना.

पंकजने तिला रेकॉर्डर दिला. त्याला छोटा स्पीकर होता. पिंकीने तो गालाशी धरला आणि आतून आबाजी बोलू लागले. पोर तशीच झोपली. खाटेवरचे नानाजी रडले. पंकज आणि हर्षाही रडले. पंकजने त्याच दिवशी ती गोष्ट आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवली.

मग रोज दुपारी तेच. गोष्ट, गालाला रेकॉर्डर, झोप.

काही दिवसांनी नानाजींनी एक खूण करायला सुरुवात केली.

डाव्या तळहातावर उजवा अंगठा घासायचा. जोरात, गोल गोल. मग रेकॉर्डरकडे बोट. मग पिंकीकडे.

पुन्हा तळहातावर अंगठा.

नागपुरात ही खूण लहान पोरालाही कळते. खर्रा, तंबाखू, मळून दे, अशी. पंकजचं डोकंच फिरलं. जबडा गेला, जीभ गेली, आणि या माणसाला अजून खर्रा पाहिजे!

“लाज वाटू द्या बाबा थोडी!” तो ओरडला. “पोरीसमोर मागून राहिले?”

नानाजींनी जोरजोरात मान हलवली. नळी हलली. लाळ गळली. घशातून नुसता घुरघुर आवाज. पंकजने तोंड फिरवलं. त्याला बापाकडे बघायचीसुद्धा किळस येत होती, आणि त्याने ती लपवली नाही.

त्याच आठवड्यात हर्षाला पिंकीच्या उशीवर डाग दिसला.

तपकिरी.

तिने दुपारी पोरीजवळ बसून पाहिलं. गोष्ट संपली. ‘आता झोप’ झालं. रेकॉर्डर बंद झाला. पिंकी झोपली. आणि झोपेत तिचा जबडा हलू लागला...

चप्. चप्. चप्.

हर्षाने तिचं तोंड उघडून बोट घातलं. गालाच्या खोबणीत काहीतरी होतं. बाहेर काढलं तर ओला, काळपट लगदा. बोट चरचरलं. चुना होता.

चार वर्षांच्या पोरीच्या तोंडात.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, “घरात कोण खातं?” आणि उत्तर ऐकल्यावर त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की पंकजला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

घरी येऊन त्याने नानाजींना नाही नाही ते सुनावलं. ज्याला उलटून एक शब्द बोलता येत नाही, अशा माणसाला. त्यांची खाट उचलून बाहेरच्या पडवीत टाकली, कूलरच्या वाऱ्यापासून लांब. पिंकीला तिकडे जायला बंदी केली. नानाजी पडवीतून खिडकीच्या गजाला धरून आत बघत राहायचे. अंगठा तळहातावर घासत.

पण पिंकीचं तोंड थांबलं नाही.

आता तर कोणी तिच्याजवळ जातही नव्हतं. तरी दुपारी झोपली की चघळणं सुरू. ओठांच्या कडेने तपकिरी ओघळ. श्वासाला तोच गोड, कुजका वास.

एका दुपारी पंकजने ठरवलं, हा आवाज रेकॉर्ड करून दुसऱ्या डॉक्टरांना ऐकवू. त्याने तोच रेकॉर्डर पिंकीच्या तोंडाजवळ धरला आणि बटण दाबलं.

लाल दिवा लागला.

पिंकीचं तोंड थांबलं.

एकदम. अर्ध्या चावण्यात. जबडा किंचित उघडा, तसाच.

त्याने बटण बंद केलं.

चप्. चप्.

चालू केलं... शांत.

बंद... चप्.

पंकजला अंकुशचं बोलणं आठवलं. मालक लई शिस्तीचा होता. रेकॉर्डिंग सुरू झाली का मूर्तीसारखा.

आणि मग त्याला ती खूण कळली. तळहातावर अंगठा. रेकॉर्डर. पिंकी.

बाप खर्रा मागत नव्हता. खर्रा खाणारा कुठे आहे आणि कोणाकडे चालला आहे, ते सांगत होता. ज्या दिवसापासून कळलं त्या दिवसापासून, एकच गोष्ट, जमेल त्या एकाच भाषेत.

रेकॉर्डर चालू ठेवूनच तो पडवीत धावला आणि नानाजींच्या पायाशी बसला. तापलेल्या फरशीवर.

“बाबा, तुम्ही हेच सांगून राहिले होते ना?”

नानाजींनी मान हलवली. मग लाळेने भिजलेला आपला दुपट्टा घेऊन पोराचे डोळे पुसले. पंकजने ते पुसू दिले.

खाट परत आत आली.

पंकज अंकुशकडे गेला. अंकुश आधी टाळाटाळ करत होता, मग बोलला.

“मधुकरराव म्हणून होते भाऊ ह्याचे मालक. मी सोबत काम केलं ना त्यायच्या. सकाळपासून तोंडात खर्रा. पण रेकॉर्डिंगमध्ये कधी तोंड नाही हलवलं, थुकलेसुद्धा नाही. कट झाला का मगच पिचकारी. शेवटी तोंड उघडनंच बंद झालं. नळीनं दूध पाजत होते. तरी म्हणे, जबडा हलवतच राहायचे... काही नसताना.”

पंकजने रेकॉर्डर त्याच्या काचेवर ठेवला आणि मागे न बघता निघून आला.

घरी पोहोचला तेव्हा दारात हर्षा रडत होती. पिंकी जागी होती, बसलेली होती, आणि तिचं तोंड थांबत नव्हतं. ओठ चावून चावून फाटले होते. रक्त आणि तो तपकिरी रस फ्रॉकवर गळत होता. “आई, थांबत नाही वं,” एवढंच ती चावता चावता सांगत होती. मित्राकडून आणलेल्या दुसऱ्या रेकॉर्डरवर लाल दिवा लावून पाहिला. मोबाइल लावून पाहिला. काही उपयोग झाला नाही. पंकज तसाच मोटारसायकलवर परत बर्डीला पळाला, तोच रेकॉर्डर परत आणायला.

मधल्या काळात त्यांनी काय काय केलं ते सांगत बसत नाही. कोणाकोणाकडे नेलं, कोणी काय काय दिलं... रेकॉर्डरमधली कावळ्याची गोष्ट पुसूनही पाहिली. काही झालं नाही.

हे गेल्या वर्षीचं. या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ. पिंकी आता पाच वर्षांची, शाळेत जायला लागली आहे. जागी असली की ठीक असते. खेळते, भांडते. फक्त झोपली की...

म्हणून ती झोपली की उशीशी तो रेकॉर्डर असतो. लाल दिवा चालू. पंकजने आवाजाचं काम सोडलं आहे. संगीत नाही, सॅम्पलिंग नाही. तो आता एकच रेकॉर्डिंग करतो. रोज कार्ड भरतं, रोज न ऐकता पुसतो.

“एकदा ऐकलं होतं मी,” तो मला हळूच म्हणाला. “पोरगी बाजूला झोपली आहे, अन् आत तिचा श्वासबी नाही गा.”

आम्ही बोलत होतो तेवढ्यात रेकॉर्डरवर बॅटरीची खूण लुकलुकायला लागली. पंकजच्या हातात नवे सेल तयार होते. खाटेवरचे नानाजी आपणहून उठले, नळी सावरत पिंकीच्या डोक्याशी येऊन बसले, आणि त्यांनी आपली ओंजळ तिच्या तोंडाखाली धरली. लहान पोराला तोंडातलं टाक म्हणताना धरतात तशी.

दिवा विझला.

चप्...

ते हळू हळू सुरू झालं नाही. मध्येच तोडलेलं जिथे थांबलं होतं, तिथूनच पुढे सुरू झालं. चप्. चप्. चप्. पाच वर्षांच्या पोरीचा जबडा म्हाताऱ्यासारखा, सवयीने, रवंथ करत हलत होता. तिच्या गालाला बाहेरून लगद्याचा फुगवटा दिसत होता. खोलीत वास पसरला. पंकजच्या घामेजल्या बोटांतून एक सेल निसटला आणि घरंगळत खाटेखाली गेला. वाकून तो मलाच उचलता आला असता. मी तोंडावर रुमाल धरून तसाच उभा राहिलो.

पिंकीने झोपेतच मान वळवली आणि थुंकली.

नानाजींची ओंजळ भरली. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्या हाताने तिचे ओठ पुसले.

पंकजला सेल सापडला. लाल दिवा लागला. पिंकीचा जबडा थांबला.

नानाजी ओंजळ मिटून मोरीकडे गेले. नळ बराच वेळ चालू होता. मी उशीशेजारच्या रेकॉर्डरच्या पडद्याकडे पाहिलं. नळाचं पाणी मला स्पष्ट ऐकू येत होतं, पण पडद्यावरची आवाजाची पट्टी जागची हलत नव्हती.

पंकजने मला पाठवलेली ती कावळ्याची गोष्ट अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. तेव्हा कामाच्या गडबडीत ऐकायची राहून गेली होती. आता ऐकायची हिंमत नाही, आणि पुसायचीही नाही.

निघताना मी दारातून वळून पाहिलं. पिंकी गाढ झोपली होती. नानाजी परत तिच्या डोक्याशी येऊन बसले होते. पंकजने खोक्यातून पुढचे सेल काढून मुठीत धरले आणि तो त्या लाल दिव्याकडे बघत बसला.